आधी पत्रक, मग निळा कप

आज सकाळी ज्या कपातून तुम्ही चहा प्यायलात, त्याच्या आतला तो चकचकीत थर कशाचा बनलेला आहे, हे तुम्ही आयुष्यात एकदा तरी कुणाला विचारलंय का?

मीही विचारलं नव्हतं. आणि मी तर प्रश्न विचारणाऱ्या घरात वाढले. कल्याण पूर्वेला आमच्या दोन खोल्यांत टीव्हीच्या आधी स्क्रीन प्रिंटिंगची चौकट आली. पाण्याच्या टँकरबद्दल, बंद पडलेल्या दवाखान्याबद्दल, शाळेतल्या तुटक्या बाकांबद्दल आई पत्रकं काढायची. मला अक्षरओळख पत्रकांवरच झाली. मी वाचलेला पहिला शब्द बहुधा ‘जाहीर’ असावा. संध्याकाळी इतर घरांत मेथी निवडली जायची, आमच्याकडे पत्रकांच्या घड्या घातल्या जायच्या. घडी वाकडी आली की आई ती उलगडून पुन्हा घालायला लावायची.

तिचा एक नियम होता. पत्रकात जे छापलं ते झालंच पाहिजे. “भाषणात माणूस काहीही बोलतो,” ती म्हणायची, “हॉल रिकामा झाला की संपलं. कागद लोकांच्या घरात राहतो.” तिच्या पत्रकातला शब्द खोटा पडलाय असं कुणी तिला कधी म्हणू शकलं नाही. ही तिची कमाई. यापलीकडे तिला कशाचा अभिमान असल्याचं मला माहीत नाही.

मी ठाण्यात एका छोट्या प्रकाशनाच्या ऑफिसात मुद्रितं तपासते. तिथून जवळच, माजिवड्याला, एक निवृत्त कलाशिक्षिका आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात मातीकाम शिकवतात. त्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो. गाळ्यात चार चाकं, एक मोठा हौद आणि कोपऱ्यात विजेची भट्टी. मी पहिल्यांदा गेले ती एका रागीट आठवड्यानंतर, काहीतरी आपटायला मिळेल म्हणून. माती आपटून मळावी लागते हे कळल्यावर मी पुढच्या शनिवारीही गेले, आणि मग जातच राहिले.

मातीचं भांडं एकदा भाजलं की घट्ट होतं, पण खडबडीत आणि तहानलेलं राहतं. मग त्यावर दगडांच्या भुकटीचं पातळ पीठ चढवून ते पुन्हा भाजायचं. भुकटी वितळते आणि भांड्याला काचेची कातडी येते. ते ग्लेझ. हजार अंशांच्या आसपास वितळणारी ग्लेझ रंगीबेरंगी असतात, पण त्या तापाला भाजलेलं भांडं पाणी पीत राहतं. तेराशेच्या जवळ नेलं तर भांडं दगड होतं, पण आमच्या भट्टीच्या तारा लवकर मरतात. मधला ताप, बाराशेच्या जरा वर, हा विजेच्या भट्टीवाल्यांचा ताप. भांडं पक्कं होतं आणि भट्टीही जगते. अडचण एवढीच की या मधल्या तापाला नीट वागणारं ग्लेझ सापडता सापडत नाही. मला हे ठाऊक होतं. आईला ठाऊक नव्हतं.

झालं असं की माझा कॉलेजचा मित्र, जो दिवा स्टेशनजवळ राहतो आणि शाळेत प्रयोगशाळा सांभाळतो, त्याने आणि त्याच्या मंडळातल्या लोकांनी दिव्यात अभ्यासिका उभी केली. एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, टेबलं, दिवे, पंखे. ज्या मुलांच्या घरात पाय पसरायला जागा नाही, त्यांच्यासाठी. उद्घाटनाचं पत्रक अर्थातच आईकडे आलं.

आता आईची एक जुनी सल सांगायला हवी. आमच्याकडे कार्यक्रम पुष्कळ होतात आणि बहुतेक समतेवर होतात. भाषण संपतं, टाळ्या होतात, मग चहा येतो. स्टेजवर बशीसकट कप जातात, खाली सतरंजीवर कागदी. आई कित्येक वर्षं तो मऊ पडत जाणारा कागदी कप दोन बोटांत धरून स्टेजकडे बघत आली. बोलली कधीच नाही. या वेळी तिच्या हातात पत्रक होतं.

मी ऑफिसातून आले तर गठ्ठा टेबलावर, शाईचा वास अजून ताजा. खालच्या चौकटीत छापलं होतं: ‘कार्यक्रमानंतर चहा. स्टेजवर आणि खाली एकच कप. कप निळे, मातीचे, आपल्याच मुलांनी केलेले.’

“आई, हे काय छापलंस?”

“का, शुद्धलेखन चुकलं?”

“निळे कप कुठायत?”

“तू करणारेस की. इतके शनिवार माजिवड्याला जाऊन काय करतेस मग, नुसता चिखल?”

“अगं, मला अजून निळा जमत नाही. पांढरासुद्धा जमत नाही.”

“मग जमव. तारीख छापलीये.”

आमच्या घरी हे असं आहे. इतर लोक काम करतात आणि मग जाहीर करतात. आम्ही आधी पत्रक काढतो. मी लगेच मित्राला फोन लावला, निदान वाटप तरी थांबव म्हणून. तो खुशीत होता. “भारी झालंय यार पत्रक. अर्ध्या दिव्यात वाटून झालं. लोक विचारतायत, निळे कप बघायला मिळणार ना?”

म्हणून मी ग्लेझ शोधायला लागले. आईचा शब्द माझ्या हातात अडकला होता.

इंटरनेटवर कृतींची कमी नाही. परदेशातले कुंभार उदार आहेत, सगळं उघडं मांडतात. पण त्यांच्या कृतींमधली निम्मी नावं आपल्याकडच्या दुकानदाराने ऐकलेलीही नसतात. एका खनिजाचं नाव सांगितल्यावर फोनवरचा माणूस म्हणाला, “मॅडम, ते नाही, पण त्याच्यासारखं पांढरं आहे.” सगळीच पांढरी असतात. फेल्डस्पार पांढरा, क्वार्ट्झ पांढरा, खडू पांढरा, चिनी माती पांढरी, शंखजिरं पांढरं. मी पिशव्यांवर मार्करने नावं घातली आणि आमच्या गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, एकेक मिश्रण घोटायला बसले. आईच्या जुन्या चौकटीची बारीक जाळी चाळणी म्हणून लागली. चाचणीसाठी बोटाएवढ्या मातीच्या पट्ट्या. त्या उरलेल्या पत्रकांत गुंडाळून बिस्किटांच्या डब्यातून बसने माजिवड्याला न्यायच्या, मॅडमच्या भट्टीत घालायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मधल्या सुट्टीत धावत जाऊन बघायच्या.

पहिलं ग्लेझ पट्टीवरून ओघळून फळीला चिकटलं. दुसरं आक्रसून गोळे गोळे झालं, जणू त्याला पट्टीचा स्पर्श नको होता. तिसऱ्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं. चौथं इतकं सुंदर की मी मॅडमना मिठी मारणार होते, तेवढ्यात ते टिक टिक वाजू लागलं. गार होता होता त्यावर बारीक तड्यांची जाळी पसरत होती.

“ऐकतेस ना?” मॅडम म्हणाल्या. “हे आता आठवडाभर वाजत राहील. त्या तड्यांत चहा शिरणार.”

“मॅडम, तुमच्याकडे एखादं खात्रीचं नाही का?”

“माझ्याकडे जे आहे ते जास्त तापाचं. मी आयुष्यभर मोठ्या गॅसभट्टीवर काम केलं. ही मधली भानगड मलाही नवीन आहे.” मग चष्मा पुसत म्हणाल्या, “आणि हे बघ, खात्रीचं ग्लेझ कंटाळवाणं असतं. तुला कंटाळवाणं चालेल का, ते आधी ठरव. तुझा स्वभाव बघून विचारते.”

मला राग आला. कंटाळवाणं कशाला? आमचा निळा कंटाळवाणा कसा असेल? आणि जणू मला खरं ठरवायलाच पुढच्या भट्टीतून ते बाहेर आलं. मोरपिशी निळा, मंद, मखमली, बघत राहावं असा. मी एका कपाला लावलं होतं. गाळ्यातल्या सगळ्यांनी तो हातात घेतला. मी तो ओढणीत गुंडाळून घरी आणला. मित्रही मुद्दाम दिव्याहून आला. आईने कप खिडकीत धरला आणि उजेडात फिरवत राहिली. आमच्या भिंतीवरच्या तसबिरीतल्या कोटाचा निळा आणि हा निळा जवळचे नातेवाईक वाटत होते.

“झालं की मग,” मित्र म्हणाला. “लाव सगळ्यांना.”

मी कृती पुन्हा वाचली. त्या मखमलीसाठी जे पांढरं खनिज होतं ते पोटात गेलं तर विष असतं, आणि रंग तांब्याचा होता. नीट वितळून काचेत अडकलं तर ठीक, नाहीतर बाहेर येणार. कुणीतरी साधी परीक्षा लिहिली होती: लिंबाची फोड रात्रभर आत ठेवा. मी ठेवली. सकाळी फोड उचलली तर तिच्या आकाराचा फिकट डाग कपाच्या तळाशी. मोरपिशी निळा लिंबाने चाटून नेला होता.

मित्र चिडला. “अगं, चहात लिंबू कोण पिळतं?”

“मी पिते लेमन टी.”

“तू एकटी. बाकीचे दुधाचा पिणार. आणि एकदाच पिणारेत. पत्रकात कुठे लिहिलंय की कप सुरक्षित आहेत?”

आई डाळ घोटत होती. तिने रवी थांबवली. “कप लिहिलंय ना? मग त्यातून पिता आलं पाहिजे. नाहीतर फुलदाणी छापली असती.” आणि तो कप धुऊन तिने पेनं ठेवायला टेबलावर ठेवला. तो अजून तिथेच आहे.

त्यानंतर मी स्वतःशी तत्त्वं ठरवली. मला तत्त्वं ठरवल्याशिवाय काही करता येत नाही, मित्र यावरून चिडवतो. जिथे चहा लागतो तिथे रंग नको, कप आतून पांढरा, निळा फक्त बाहेर. विषारी काही नको, मग ते कितीही देखणं असो. जे इथल्या दुकानात मिळत नाही ते कृतीत नको. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. मला सगळं एकदम बदलायची सवय आहे.

साध्या पारदर्शक ग्लेझपासून सुरुवात केली. फेल्डस्पार, क्वार्ट्झ, खडू, चिनी माती, आणि ते मधल्या तापाला वितळावं म्हणून बोरॅक्सची फ्रिट, म्हणजे आधीच काच करून दळलेला बोरॅक्स. तडे जायचे, तर क्वार्ट्झ थोडा वाढवला. पुन्हा गेले, पुन्हा थोडा वाढवला. टिक टिक कमी होत गेली आणि एका दुपारी पट्टी गप्प राहिली. मी ती कानाला लावून बसले होते. मॅडमनी मला चहा दिला तेव्हाही मी ती खाली ठेवली नाही. पण एका भट्टीने काही सिद्ध होत नाही. मॅडमची भट्टी वर गरम आणि खाली जरा गार असते, वरच्या फळीवर चमकणारं ग्लेझ खालच्या फळीवर सुकलेल्या खडूसारखं उठायचं. आधीच्या सगळ्यांचं तेच झालं होतं.

तारीख जवळ आली. मी आणि दिव्यातल्या काही मुलांनी गाळ्यात केलेले कप एकदा भाजून तयार होते, उघडे, तहानलेले. मी माझ्या शेवटच्या पट्ट्या घेऊन गेले, गप्प राहणारीची काही भावंडं आणि आधीच्या काही आशा. वर, मध्ये, खाली, तिन्ही फळ्यांवर एकेक संच ठेवला. भट्टी सकाळी लागली. दुपारी, ताप अगदी शेवटच्या टप्प्यात असताना, गाळ्यातला पंखा मंदावला.

“एक फेज गेला,” मॅडम म्हणाल्या.

भट्टीचा आकडा हलेना. वरही जाईना, खालीही येईना. मी बाहेर जाऊन डीपीकडे रागाने बघून आले, जणू ती घाबरेल. मॅडम शांतपणे मातीचे तुकडे भिजत घालत होत्या.

“बंद करायची का?” मी विचारलं.

“बंद केली तर काहीच कळणार नाही. राहू दे. आपल्याकडे वीज अशीच असते. जे ग्लेझ परिपूर्ण विजेवरच चालतं, ते आपल्या काय कामाचं?”

फेज परत आला तोवर चाकावर बसलेले सगळे घरी गेले होते. भट्टीने उरलेला ताप चढवला आणि बंद झाली. इतका वेळ तापात राहिल्यावर आत काय शिल्लक असेल याची मला खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी मी आईला बरोबर घेऊन गेले. शब्द तिचा होता, निकालही तिनेच बघावा.

मॅडमनी झाकण उचललं. आत मातीचे ते छोटे शंकू, जे ठरलेल्या तापाला मान टाकतात, ते पार लोळले होते. बऱ्याच पट्ट्या वितळून वाहिल्या होत्या, काहींवर दुधावर यावेत तसे बुडबुडे. मी एकेक बाजूला काढत गेले. मग गप्प राहणारीच्या तीन पट्ट्या आल्या, वरची, मधली, खालची. पांढऱ्या, गुळगुळीत, मुकाट. त्यातच चिमूटभर कोबाल्ट घातलेल्या तीन निळ्या. ओघळ नाही, भोक नाही, बुडबुडा नाही.

आईने निळ्या तिन्ही तळहातावर घेतल्या आणि माझ्याकडे पाठ करून उलटसुलट केल्या. मग हात पुढे केला.

“यातली वरच्या फळीवरची कुठली?”

मी बघितल्या. उजेडात नेल्या. नखाने वाजवल्या. “नाही सांगता येत.”

“मॅडम, तुम्ही?”

मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला. “नाही हो,” त्या म्हणाल्या, आणि हसायलाच लागल्या. “काय कंटाळवाणं ग्लेझ आहे.”

आई हसली तशी ती क्वचित हसते, खांदे हलवत. आम्ही तिघी त्या गरम भट्टीशेजारी घामाघूम हसत उभ्या होतो. मला ती जागा, तो मातीचा वास, बाहेरून येणारा हायवेचा घरघराट, सगळं एकदम फार आवडलं.

घरी आईने तिची स्वतःची परीक्षा घेतलीच. पहिल्या तयार कपात उकळता चहा ओतला, लगेच रिकामा करून फ्रिजच्या पाण्यात बुडवला, पुन्हा चहा, पुन्हा पाणी. कानाशी धरला. मग लिंबू. सकाळी फोड उचलली तेव्हा तळाशी नुसता ओला पांढरा गोल होता, आणि आईने तोच कप विसळून त्यात आपला चहा घेतला.

उद्घाटनाच्या दिवशी दिव्यात पाणी आलं नाही. ते तिथे काही नवीन नाही, पण कप धुवायचे कसे? मित्राचा चेहरा पडला. “कागदी आणून ठेवू का? इमर्जन्सी म्हणून?” आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो म्हणाला, “नको, नको काकू, मी आपलं विचारलं.”

भाषणं झाली. चहा झाला. मंडळातले एक काका पाहुण्यांसाठी बशी शोधत स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आले. पाहुण्या म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका.

“ताई, त्यांना बशी तरी द्या. बरं दिसत नाही.”

“बशी छापली नव्हती,” आई म्हणाली.

काका कप घेऊन गेले. कप सगळ्यांना एकदम पुरणारे नव्हते, म्हणून निम्म्यांनी आधी, निम्म्यांनी नंतर. दारात पिंपातल्या शिल्लक पाण्याचे दोन टब ठेवले. ज्याने त्याने आपला कप बुडवून विसळायचा आणि पुढच्याला द्यायचा. मला धास्ती होती की टबातलं पाणी दोन मिनिटांत चहाचं होईल. पण चहा त्या काचेला चिकटतच नव्हता. एक हिसका दिला की कप स्वच्छ. त्या कंटाळवाण्या ग्लेझने तिथे आमचं पाणी वाचवलं, आणि हे फायद्यांच्या कुठल्याही यादीत मी वाचलं नव्हतं. पाहुण्या बाईही रांगेत आल्या, कप विसळला, उलटा करून त्याचं बूड बघितलं आणि मागच्या मुलीच्या हातात दिला. ती मुलगी पहिल्यांदा अभ्यासिकेत आली होती. तिने विचारलं, “हा स्टेजवरचा आहे की खालचा?”

आई सतरंजीच्या कडेला बसली होती. तिने तो प्रश्न ऐकला. कप दोन्ही हातांत धरून ती चहा पीत राहिली, आणि या वेळी तिने स्टेजकडे बघितलंच नाही.

ते कप आता अभ्यासिकेत असतात. दोन फुटले, एकाचा कान गेला, बाकीचे रोज वापरात. ग्लेझची कृती मी पुढच्या भट्ट्यांमध्येही तपासली, वर, खाली, चांगल्या विजेवर आणि वाईटही. मगच तिचं पत्रक काढलं. आईला हा क्रम विचित्र वाटला, पण तिने घड्या घातल्या. त्या पत्रकांचा गठ्ठा माजिवड्याच्या गाळ्यात दाराशी टांगलेला आहे, कुणीही एक तोडून न्यावं. काचेची कृती कुणाच्या बापाची नसते.

तुमच्याकडून मला एकच हवंय. आज घरातला सगळ्यात रंगीत कप काढा, हाताने केलेला असेल तर नक्कीच. त्यात लिंबाची फोड ठेवा, उद्या सकाळी उचला आणि उजेडात बघा. डाग नसला म्हणून सगळं ठीक असेलच असं नाही, पण डाग असला तर तुम्हाला उत्तर मिळालं. तो कप पेनं ठेवायला द्या, आणि जिथून आणला तिथे जाऊन, दुकानदाराच्या डोळ्यांत बघून विचारा: आत काय लावलंय?